आधी तबेला, मग रंग, राजीनामा सगळ्यात शेवटी: पन्नाशीनंतर गाई-म्हशींचे पूर्णवेळ तैलचित्रकार होताना

पन्नाशी ओलांडलेली, हात चांगला असलेली आणि नोकरीला कंटाळलेली माणसं मला प्रदर्शनात गाठतात आणि विचारतात, "आम्हालाही हेच करायचंय, कुठून सुरुवात करू?" बोलता बोलता कळतं की सुरुवात करून झालेली आहे, आणि तीही शेवटाकडून. आधी राजीनामा दिला. मग रंगांचा महागडा सेट घेतला, मग मोबाईलवरच्या फोटोवरून गाय काढली, आणि चार चित्रं होताच गॅलरीच्या मागे लागले. वर्षभरात पैसे आटतात आणि सामान माळ्यावर जातं. यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात कला आहे, म्हणूनच मला वाईट वाटतं.

मी लेखा विभागात २९ वर्षं काढली आणि ५४व्या वर्षी पूर्णवेळ चित्रकार झालो. तयारीला चार वर्षं लागली, ती सगळी नोकरीत राहून. ज्या क्रमाने ती केली, त्याच क्रमाने खाली लिहितो.

१. पहिले सहा महिने रंगाला हात लावू नका

या सहा महिन्यांत एकच काम: जनावरापाशी उभं राहून पेन्सिलने चित्र काढणं. मुंबईत जनावरं कुठे, असं विचारणाऱ्यांनी आरे कॉलनीत एक फेरी मारावी. गोरेगाव-जोगेश्वरीकडे अजून म्हशींचे तबेले आहेत. गाई हव्या असतील तर भुलेश्वरची पांजरापोळ आहे, चर्चगेट किंवा सीएसएमटीला नोकरी असेल तर ऑफिसच्या आधी तासभर तिथे काढता येतो. बकरी ईदच्या आधी देवनारला बोकडांचा बाजार भरतो. तिथे सिरोहीपासून पोपटासारख्या नाकाच्या जमनापारीपर्यंत तऱ्हेतऱ्हेची तोंडं एका ठिकाणी बघायला मिळतात. बैलांसाठी मात्र शहराबाहेर जावं लागतं. मुरबाड, शहापूर, इगतपुरीच्या बाजूला महिन्यातून एक रविवार ठेवा.

तबेल्यात शिरण्याची एक रीत आहे. आधी मालकाला भेटा, वही दाखवा, काय करणार ते सांगा. मोबाईल खिशात ठेवा. पहिल्याच दिवशी फोटो काढायला लागलात की लोकांना तुम्ही तक्रार करायला आलेले वाटता, आणि त्यांचं चूक नाही. धारेच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळ्यांची घाई असते आणि म्हशींना अनोळखी माणूस खपत नाही. धार काढून झाली, वैरण टाकली, जनावरं बसून रवंथ करायला लागली की तुमची वेळ सुरू होते. रवंथ करणारी म्हैस वीस-वीस मिनिटं बैठक मोडत नाही. यापेक्षा चांगलं मॉडेल कुठल्याही कला महाविद्यालयात मिळणार नाही.

उभं जनावर हलतंच. त्यावर उपाय असा की एका पानावर चार-पाच चित्रं एकदम चालू ठेवायची. मान वळली की पहिलं सोडून दुसरं सुरू करा. थोड्या वेळाने ती मान पुन्हा पहिल्या जागी येते, तेव्हा पहिल्यावर परत या. जनावरं त्याच त्याच हालचाली करतात, हे आठवडाभरात लक्षात येतं.

*सावध राहा:* जनावराच्या थेट मागे उभे राहू नका. गाई-म्हशींची लाथ बाजूलाही फिरते, म्हणून बाजूलाही हात-दोन हात अंतर ठेवा. जवळ जाताना तोंडाने आवाज करा, म्हणजे ती दचकणार नाही. नुकतीच व्यालेली असेल तर त्या बाजूला जाऊच नका. पायात गमबूट घाला आणि घरी आल्यावर गोचीड लागला नाही ना ते बघा.

गोरेगावच्या ज्या तबेल्यात मी जायचो, तिथल्या गवळ्याला तिसऱ्या महिन्यात मी एक चित्र दाखवलं. मला ते फार चांगलं जमलंय असं वाटत होतं. त्याने वही हातात घेतली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "काका, म्हैस आमचीच आहे, ओळखली. पण हिला दोन दिवस उपाशी ठेवलीत का?" मी डाव्या कुशीची खळगी खोल काढली होती. म्हशीच्या पोटाचा मोठा कप्पा डाव्या अंगाला असतो. खाऊन बसलेल्या म्हशीची ती खळगी भरलेली दिसते, उपाशी किंवा आजारी असेल तर आत जाते. मी सावली चांगली दिसते म्हणून ती गडद केली होती. गवळ्याला त्यात आजारपण दिसलं. तेव्हापासून प्रत्येक चित्र मी आधी जनावर पाळणाऱ्याला दाखवतो, चित्रकाराला नंतर.

*पुढे जाण्याआधी तपासा:* तीन वह्या भरल्या का? समोर जनावर नसताना, आठवणीने, बसलेली म्हैस दोन बाजूंनी काढता येते का? येत नसेल तर अजून तबेल्यातच राहा.

२. सांगाडा समजून घ्या, केस आणि रंग नंतर

सगळ्यात जास्त चुका पायांत होतात. गाईच्या पुढच्या पायाचा जो "गुडघा" आपल्याला दिसतो, तो खरं तर तिचं मनगट. मागच्या पायात मध्यावर जो सांधा मागे वळलेला दिसतो, ती टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. गाय दोन बोटांच्या नखांवर चालते, तेच तिचे खूर. एवढं डोक्यात बसलं की पाय टेबलाच्या पायांसारखे सरळ उभे राहत नाहीत.

बसताना गाय आधी पुढचे पाय दुमडते. उठताना आधी मागचा भाग वर उचलते. घोड्याचं उलट असतं, तो आधी पुढून उठतो. उठणारी गाय घोड्यासारखी काढलेली चित्रं मी प्रदर्शनांत पाहिली आहेत. शेतकऱ्याच्या नजरेला ते पहिल्या क्षणात खटकतं.

दुसरी चूक जातीची. "गाय" नावाचं एक सरसकट जनावर काढू नका. खिलार उंच, पांढुरका, लांब मागे गेलेल्या शिंगांचा. डांगी सह्याद्रीच्या पावसातली, ठिपक्यांच्या कातडीची, अंगावर तेलकट तकाकी असलेली. देवणीचे कान लोंबते. म्हशींत मुऱ्हाचं शिंग घट्ट वळलेलं, जाफराबादीचं जड आणि खाली झुकलेलं, पंढरपुरीचं तलवारीसारखं खांद्याच्या मागे जाणारं. शिंग चुकलं की जात चुकते, आणि जात चुकली की ज्याला चित्र विकत घ्यायचं आहे तोच माणूस पाठ फिरवतो.

वशिंड, मानेखालची पोळी, कास, कपाळावरचा भोवरा, हे सगळं वेगवेगळ्या पानांवर मोठं करून काढा. डोळ्याची बाहुली आडवी असते, गोल काढू नका. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ओळख असेल तर रीतसर परवानगी मागून सांगाडा बघून या. एका सकाळी जे कळतं ते पुस्तकातून महिन्यात कळत नाही.

फोटोबद्दल एकदाच सांगतो. फोटो आठवणीला मदत म्हणून वापरायला हरकत नाही, पण तो नीट काढा. मोबाईल जवळ नेला की नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. चार-पाच मीटर लांब उभे राहा, दुप्पट झूम करा, मोबाईल जनावराच्या छातीच्या उंचीवर धरा. काळ्या म्हशीचा फोटो असेल तर सावलीचा भाग मोबाईल नुसता काळा करून टाकतो. तिथे काय होतं ते वहीतच लिहून ठेवावं लागतं.

३. सामान: थोडं घ्या, पण चित्रकारांचं घ्या

रंग आठ पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू. काळी ट्यूब मुद्दाम सांगितलेली नाही, कारण पुढे येईल. हॉग (डुकराच्या राठ) केसांचे चपटे ब्रश, चार ते दहा नंबरमधले चार, एक बारीक मऊ ब्रश, एक पॅलेट नाइफ. गेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावलेला सुती कॅनव्हास, सुरुवातीला १२ बाय १६ इंच.

पैसे वाचवायला लोक हार्डवेअरच्या दुकानातून तेल आणि टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रव्य) आणतात. ते भिंतीच्या आणि लाकडाच्या रंगासाठी असतं. उकळलेलं जवसाचं तेल लवकर पिवळं पडतं. चित्रकारांसाठीचं शुद्ध जवस तेल आणि टर्पेंटाइन वेगळं मिळतं, तेच घ्या. स्वयंपाकघरातलं खोबरेल किंवा गोडेतेल रंगात कधीच घालू नका. खोबरेल वाळत नाही, चित्र आयुष्यभर चिकट राहतं.

*धोका:* जवसाचं तेल लागलेले फडके चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना गरम होतं आणि चुरगळलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. फडके पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आपल्या इमारतींत हा विषय हलक्यात घ्यायचा नाही.

टर्पेंटाइनच्या वासाचं काय, हा दुसरा प्रश्न. वन बीएचकेमध्ये बेडरूममध्ये रंगकाम करू नका. खिडकीपाशी बसा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण काम नसताना बंद ठेवा. ब्रश आधी तेलाने पुसून मग साबणाने धुतले तर टर्पेंटाइन फारच कमी लागतं. हाताला लागलेला रंग धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.

४. रंगवण्याचा क्रम

तैलरंगात एक नियम मोडला की चित्राला तडे जातात: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. तेल जास्त असलेला थर सावकाश वाळतो. तो खाली गेला आणि वरचा आधी वाळला, तर खालचा आकसताना वरचा फाटतो. म्हणून पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसरा ट्यूबमधून निघतो तसा, तिसऱ्यात थोडं जवस तेल.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट जनावर काढू नका. बर्न्ट सिएना पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर पुसून घ्या, दोन दिवस वाळू द्या. मग पातळ अंबरने मोठे आकार मांडा: छातीचा पिंप, कमरेचा भाग, मान-डोक्याची पाचर. पाय शेवटी. पायांपासून सुरुवात करणाऱ्यांचं जनावर नेहमी कागदाबाहेर जातं.

पुढचं सगळं म्हशीवर सांगतो, कारण म्हैस जमली की बाकी जनावरं जमतात.

म्हैस काळी आहे असं डोकं सांगतं. डोळे वेगळं सांगतात. नुकतीच धुतलेली म्हैस आरेच्या उघड्यावर सकाळी साडेआठला बघा. पाठीवर आकाश उतरलेलं असतं: निळसर, जवळजवळ चांदीसारखा पट्टा, कण्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेला. बरगड्यांवर तो तुटतो. पोटाखाली मातीचा उजेड वर आलेला असतो, तिथे तपकिरी-लालसर उब दिसते. कानाच्या आत गुलाबी करडा. खरा गडद काळोख फक्त चार-पाच जागी असतो, पुढच्या पायामागच्या घडीत, मांडीच्या आत, जबड्याखाली. ट्यूबमधला काळा सगळीकडे फासला की हे सगळं मरतं आणि म्हशीच्या आकाराचं भोक उरतं. त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा. निळा जास्त टाकला की थंड काळा, अंबर जास्त टाकला की उबदार काळा. पाठीला पहिला, पोटाला दुसरा. एवढ्या दोन मिश्रणांवर मी पहिली दोन वर्षं काढली.

खिलारचं उलट. तो पांढरा दिसतो, पण चित्रात पांढरी ट्यूब जवळजवळ शेवटपर्यंत बंद ठेवा. उन्हातला भाग ऑकर मिसळलेला पांढरा, सावली जांभळट करडी. निव्वळ पांढरा फक्त वशिंडावर आणि खांद्याच्या एखाद्या ठिपक्यावर.

डोळा आणि नाकपुडी शेवटच्या दिवशी. ओल्या नाकावरचा चमकणारा ठिपका एकाच फटक्यात ठेवा आणि ब्रश उचला. पुन्हा पुन्हा चाळवला की मळतो.

*तपासा:* चित्राचा मोबाईलवर फोटो घेऊन तो कृष्णधवल करा. जनावर पार्श्वभूमीत मिसळून गेलं असेल तर रंग बदलून उपयोग नाही, उजेड-अंधाराची मांडणी चुकली आहे.

५. मुंबईचा पाऊस

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्याला हवा आणि उजेड लागतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोन्हीची वानवा. एका जुलैमध्ये मी सात चित्रं ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवली. गणपतीनंतर उघडली तर पाचांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, आणि दोन चित्रं एकमेकांना चिकटली होती. चार महिन्यांचं काम गेलं.

प्लॅस्टिक नको. चित्रं भिंतीपासून बोटभर अंतरावर, उभी, पंख्याच्या हवेत ठेवा. बाहेरच्या ओलसर भिंतीला कधीच टेकवू नका. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हाताने ठोका. पावसाळ्यात पातळ थरांची छोटी चित्रं करा, जाड रंगाची मोठी कामं ऑक्टोबरनंतर. शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभराने, घाई केली तर खालचा रंग अडकून राहतो.

मोठा कॅनव्हास घेण्याआधी इमारतीची लिफ्ट आणि घराचा दरवाजा मोजा. लोकलने न्यायचं तर २० बाय २४ इंच ही माझी मर्यादा, तीही दुपारी गर्दी नसताना. ओली चित्रं दोन-दोन समोरासमोर धरून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घाला आणि सुतळीने बांधा.

६. विक्री नोकरीत असतानाच सुरू करा

बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्रं पाठवा. नाकारली गेली तरी दरवर्षी पाठवा, नजर तयार होते. जहांगीर आर्ट गॅलरीची प्रतीक्षा यादी काही वर्षांची असते, म्हणून अर्ज आजच करा आणि विसरून जा. तोवर तिघा-चौघांनी मिळून वरळीच्या नेहरू सेंटरला किंवा प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या दालनात प्रदर्शन करा, भाडं विभागलं जातं.

पण माझी निम्म्याहून जास्त विक्री गॅलरीबाहेर झाली. पशुवैद्य, दूधवाले, कर्जत-नेरळकडे शेतघर असलेले लोक आणि मुंबईत राहणारी पण गावाला अजून बैलजोडी असलेली कुटुंबं हे खरे ग्राहक. पोळ्याच्या आसपास बैलजोडीच्या चित्रांची मागणी येते. अशी ऑर्डर घेताना चार गोष्टी मागा: दोन्ही बाजूंचे फोटो, समोरून तोंड, शिंगांचा वेगळा फोटो आणि कपाळावरचा भोवरा. साताऱ्याकडच्या एका आजोबांनी माझं पूर्ण झालेलं चित्र परत केलं होतं. बैल त्यांचा, रंग बरोबर, शिंगं बरोबर. "आमच्या सर्जाचा भोवरा मधोमध नव्हता," एवढंच म्हणाले. मी पुन्हा केलं, आणि तेव्हा ते चित्रापुढे बराच वेळ बोलले नाहीत.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. दर चौरस इंचावर ठरवा, घरी आणि गॅलरीत एकच ठेवा. गॅलरी विक्रीतला एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा घेऊ शकते, तो धरूनच दर काढा. चित्र देताना सही-शिक्क्याची पावती घ्या, परत करण्याची तारीख लिहून. एका गॅलरीत माझी दोन चित्रं चौदा महिने अडकली, कारण मी विश्वासावर दिली होती.

जीएसटीसाठी महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, पण परराज्यात विकायला लागलात की नियम बदलतो. पहिली परराज्यातली ऑर्डर येण्याआधी सीएला विचारा.

७. राजीनामा

आता कुठे हा विषय. तीन गोष्टी हातात असल्याशिवाय पत्र लिहू नका.

घराचा २४ महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात. यात रंगांचा खर्च धरायचा नाही, तो विक्रीतूनच निघाला पाहिजे.

स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी, आणि ती नोकरी सोडण्याच्या तीन वर्षं आधी. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि आपल्या वयात मधुमेह किंवा रक्तदाब बहुतेकांना असतोच.

सलग दोन वर्षं, ओळखीपाळखीच्या बाहेरच्या लोकांना विकलेली चित्रं. मेव्हण्याने घेतलेलं चित्र यात मोजू नका.

ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८व्या वर्षी मिळते. ५०नंतर आधी घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी, त्यातल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. विक्री थोडी मंदावली म्हणून ती लवकर उचलू नका.

घरच्यांशी आकडे कागदावर मांडून बोला. माझ्या बायकोने एकच प्रश्न विचारला होता, चित्रं विकली गेली नाहीत तर कितव्या महिन्यात परत काम शोधायचं. तो महिना आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवला. तिलाही झोप लागली, मलाही.

आणि तारीख निवडताना नोटीसचे महिने मोजून शेवटचा दिवस सप्टेंबरअखेर येईल असं बघा. पाऊस ओसरलेला असतो, पुढचे आठ महिने रंग वाळायला चांगले, प्रदर्शनांचा हंगामही नोव्हेंबरपासून पुढे असतो. पहिल्या सोमवारी घरी बसू नका. रोज ज्या वेळची लोकल पकडायचात, त्याच वेळेला वही घेऊन तबेल्यात जा.